राक्षस माझ्या मापाचा

...आणि राक्षस कोण? मी! अहो, दचकताय काय असे, माणूस आहे मी! तिसऱ्या मजल्यावरचा नाना. द्वारका सर्कलच्या मागे 'नाना ड्रेपरी' आहे बघा, नाटकाचे, गॅदरिंगचे कपडे भाड्याने मिळतात ते, ते दुकान माझंच. हा तोंडावरचा हिरवा रंग कालच्या देखाव्याचा आहे, पाण्याने जातो, लगेच जातो, पण सोसायटीत पाणीच नाही तर जाणार कसा? थांबा, या बादल्या टेकवू द्या जरा पायरीवर... हां. लिफ्टही बंद. तुम्ही गणपतीच्या दर्शनाला आलात ना? पाहुणे? मग टेका इथेच, नाहीतरी वर जाऊन पाय धुवायला पाणी मिळायचं नाही तुम्हाला.

तुम्हाला सांगतो, खाली टँकर आलाय, मी आपला रांगेत उभा, आणि ती पहिल्या मजल्यावरची स्नेहल, चांगली शिकलेली मुलगी, कॉलेजात शिकवते हो, ती सगळ्यांदेखत मला म्हणते, 'नाना, तुमचा निषेध पोचला आमच्यापर्यंत, आता सोडा की पाणी!' सोडा म्हणे! मी धरून ठेवलंय? माझ्या खिशात आहे का व्हॉल्व्ह? आणि सगळी रांग हसली! पाण्याची मोटार जाळली भलत्यानेच, ते सांगतो पुढे, जाळणारा घरात बसलाय, पाणी चढवतोय मी, आणि राक्षस कोण? मी!

नाही, पण मला हे नवीन नाही. अहो, उभं आयुष्य गेलं राक्षस भाड्याने देण्यात! शाळा मी सातवीत सोडली, वडील म्हणाले दुकानात बस, बसलो. पण राक्षस या विषयात मला कुणी काही शिकवू नये. डिसेंबरात गॅदरिंगचा सीझन लागला की दुकानात आया येतात. काय मागतात? 'नाना, राजकुमार द्या.' 'नाना, सेनापती द्या, तलवारीसकट.' राक्षस मागायला एक बाई येईल तर शपथ! एका शाळेत तर काय झालं, बाईंनी नाटक बसवलं, एक राजकुमार आणि बाकी सगळे राक्षस, आणि पालकसभेत प्रत्येक आई उभी राहून म्हणते, 'आमचा ओम राक्षस होणार नाही', 'आमचा आयुष होणार नाही, त्याच्या मनावर परिणाम होतो'... शेवटी बाईंनी हात टेकले आणि सगळ्यांनाच राजकुमार केलं. माझ्या दुकानातले होते नव्हते ते सगळे फेटे गेले! आणि प्रयोगाच्या दिवशी स्टेजवर राजकुमारच राजकुमार, मारायचं कुणाला? मग आपसातच जुंपली हो! फेटे फाटले, मोत्याच्या माळा तुटल्या, एका राजकुमाराचा दात पडला. आणि माझे राक्षस? हँगरला, दुकानात, गपचूप. कुणाला त्रास नाही काही नाही.

आणि कपडे परत कसे येतात ते विचारा ना मला! हिरोचे कपडे कधी वेळेवर येत नाहीत. फोन करा, 'नाना, उद्या नक्की.' आले तर कॉलरला पावडर, बाहीला पाव-भाजी, जरीचा धागा निघालेला. का? तर त्याला हार घातलेला असतो, त्याने सगळ्यांबरोबर फोटो काढलेले असतात, त्याला जेवायला नेलेलं असतं! राक्षसाला कोण नेतंय जेवायला? तो आपला तोंड धुतो, घडी घालतो, दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात हजर. आमच्याकडे बँकेतले एक गृहस्थ यायचे, दरवर्षी स्टाफच्या नाटकात दुष्ट प्रधान, कारण भुवया जाड. तर ते मिशा परत आणायचे काडेपेटीत कापूस घालून! वर विचारायचे, 'नाना, गोंद पुसलाय मी, केस तुटला नाही ना?' असा माणूस! आणि नाटकात सगळी बँक त्याच्यावर ओरडायची. राक्षस कोण? तो!

तर असो. मुद्द्यावर येतो. मुद्दा हा डोहासुर.

डोहासुर माहीत नाही तुम्हाला? घरात पोरं आहेत ना, त्यांना विचारा. 'वीजवीर' नावाचं कॉमिक्स आहे, त्यातला हा खलनायक. मला तरी कुठे माहीत होतं, आमची नात यशश्री, इंजिनिअरिंगला आहे, पण अजून कॉमिक्स वाचते, ती विसरून गेली सोफ्यावर, आणि दुपारी झोप येईना म्हणून उचललं आमच्या सौभाग्यवतींनी. श्यामलाने. तिथून सुरू झालं सगळं.

गोष्ट अशी. नदीकाठी एक गाव असतं. तिथे एक पाटकरी असतो, पाटकरी म्हणजे काय, पाटाचं पाणी पाळीपाळीने ज्याच्या त्याच्या शेतात सोडणारा माणूस. ह्याची पाळी झाली, दार बंद. त्याची आली, दार उघड. साधा माणूस. मग धरण येतं. गाव उठतं, बैलगाड्या भरतात, सगळे जातात, हा थांबतो, का? तर एका म्हातारीच्या वाफ्याची शेवटची पाळी राहिलेली असते! तेवढी देऊन निघतो म्हणतो, आणि वरून पाणी येतं. बस्स. पाण्याखाली राहून राहून अंगावर खवले येतात, हिरवा होतो, झाला डोहासुर. आता वर शहराने काय केलंय? धरणावर बाग, बोटिंग, रंगीत कारंजी, भुट्ट्याच्या गाड्या! हा एक दिवस पाण्यातून वर येतो आणि म्हणतो, 'इथे माझं गाव होतं, त्याच्या नावाची एक पाटी लावा.' कोणी ऐकत नाही. अर्ज करतो, ऐकत नाही. मग हा शहराचं पाणी बंद करतो. फोडत नाही काही! पाटकरी तो, त्याला दार उघडणं आणि बंद करणं, एवढंच येतं. एक दिवस बंद. तर तो वीजवीर येतो झगा फडफडवत आणि धरणात वीज सोडतो! अहो, पिण्याच्या पाण्यात! वीज! आमच्या इथला वायरमन असं करता तर नोकरीवर राहिला असता का, सांगा! डोहासुर मेला, मासे मेले, कारंजी पुन्हा सुरू, लोक टाळ्या वाजवतायत, आणि राक्षस कोण? तो!

मी दुकानदार माणूस हो. समोर कोणीही आला की आधी बघतो, ह्याला हवंय काय. तो वीजवीर, त्याला काय हवंय? काही नाही, मिरवायचंय. आणि ह्याला? एक साइनबोर्ड!

तर श्यामलाने ते पुस्तक वाचलं. शेवटपर्यंत वाचलं, मिटलं, चष्मा काढला. मी चहा पीत होतो. आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, 'हाऊ राक्षस शे?'

मी कप खाली ठेवला. तुम्हाला सांगतो, ही बाई लग्न होऊन नाशकात आली तेव्हापासून तुमच्या-आमच्यासारखं शुद्ध बोलते, भाजीवाल्याशीसुद्धा. तिच्या 'आहे'चं माहेरच्या अहिराणीतलं 'शे' फक्त दोनदा होतं, फार राग आला की आणि फार रडू आलं की. आणि दोन्हीपैकी कोणतं आहे ते कळेपर्यंत कप खालीच ठेवलेला बरा.

तिचं माहेर उंबरओहळ. शोधू नका, नकाशात नाही. धरणात आहे. ती शाळेत होती तेव्हा गेलं पाण्याखाली. आता तिकडे नांदगाव-मालेगावच्या बाजूला आखाजी म्हणजे मोठा सण, अक्षय्य तृतीया हो, लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. आखाजी आली की आमची सौ. शेजारणींना सांगते, 'मी माहेरी चालले.' नवी साडी नेसते, पुरणपोळ्यांचा डबा करते, आमरस करते. शेजारणी म्हणतात, वा, भाऊ न्यायला येतो वाटतं! कुठला भाऊ आणि कुठलं काय! मी नेतो, स्कूटरवर आधी आणि आता गाडीने. धरणाच्या कडेला जाऊन बसते. त्या दिवसांत पाणी उतरलेलं असतं, तर लांब एक शाळेची पायरी दिसते, पाऊस कमी झालेल्या वर्षी दोन दिसतात. तिकडे बघत जेवते. एक घास पाण्यात सोडते. मग डबा धुते आणि म्हणते, 'चला, झालं माहेरपण.' मी डबे उचलतो. इतकी वर्षं झाली, इमारतीत कुणाला माहीत नाही. मी कधी विचारलं, सांगत का नाहीस, तर म्हणाली, 'काय सांगू? अरे वा, छान फिरायला जागा आहे, आम्हीपण गेलो होतो बोटिंगला, हेच म्हणतील ना?'

आणि नेमका ह्या वर्षी सोसायटीच्या गणपतीपुढे जिवंत देखावा कशाचा ठरावा? 'वीजवीराकडून डोहासुराचा वध'!

ठरवलं कुणी? आमचे सेक्रेटरी, विश्वेशराव. दुसऱ्या मजल्यावर राहतात, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, मुलगा चांगला आहे हो, वाईट म्हणणार नाही, पण बोलतो कसा? 'नाना, कॉन्सेप्ट समजून घ्या. मुलं रिलेट करतील. गुड व्हर्सेस इव्हिल. क्लिअर मेसेज.' मी म्हटलं, 'विश्वेशराव, पण हा इव्हिल कसा? ह्याने केलं काय?' तर म्हणतात, 'नाना, शहराचं पाणी तोडलं त्याने! हॉस्पिटलं असतात, पेशंट असतात, त्यांनी काय गुन्हा केला होता?'

आता खोटं कशाला बोलू, मुद्दा बरोबर होता. दिवसभर दुकानात बसून तोच घोळवत होतो, गिऱ्हाइकाला परीच्या पंखांऐवजी गाढवाचे कान बांधून दिले. संध्याकाळी जाऊन बेल वाजवली आणि दारातच म्हटलं, 'चुकलं! मान्य! पेशंटचं पाणी तोडलं ते चुकलंच त्याचं! पण चुकलेला वेगळा आणि राक्षस वेगळा, की नाही? चुकला की राक्षस, असं धरलं तर आपल्या सोसायटीत वर्गणी घ्यायला माणूस उरेल का एक तरी?' विश्वेशराव हसले. म्हणाले, 'नाना, तुम्ही ना, फार मनाला लावून घेता. कॉमिक आहे ते!' मागे त्यांच्या मातोश्री, कुसाबाई, खाली बसून मेथी निवडत होत्या. वर्ष झालं असेल त्यांना लेकाकडे येऊन. नांदगावकडच्या. फार बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र मेथी निवडायची थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आवाज चढला माझा.

बरं, वीजवीर कोण होणार? विश्वेशराव स्वतः! जिमला जातात ना. आणि डोहासुर? इथे गंमत आहे. डोहासुर होईना कुणी! सगळ्यांना वीजवीराचा मित्र व्हायचं होतं. एक तयार झाला, तर बायकोने परवानगी दिली नाही. तो दीपक, 'अ' विंगमधला, तो कसाबसा तयार झाला, माझ्या दुकानातून खवल्यांचा अंगरखा नेला, आणि घालून बघतो तर आत दोन दीपक मावतील! दुसऱ्याला घातला, तोच प्रकार. सगळे माझ्याकडे बघायला लागले. 'नाना, एवढा मोठा कशाला शिवलात?'

अहो, शिवला म्हणजे! राक्षस मोठाच लागतो, आणि दुकान काढलं तेव्हा शिंपी विचारतो, माप कुणाचं घेऊ? समोर होतं कोण? मीच! घेतलं माझं माप. पुढे प्रत्येक राक्षस त्याच मापात शिवला, मी सुटत गेलो तसा राक्षसही सुटत गेला. नामपूरच्या जत्रेतला राक्षस घ्या, नांदगावच्या शाळेतला घ्या, ह्या अख्ख्या जिल्ह्यातला प्रत्येक राक्षस, तुम्हाला सांगतो, माझ्या मापाचा आहे! विश्वेशरावांनी तो अंगरखा माझ्या अंगाला लावून बघितला आणि टाळी वाजवली. 'नाना, परफेक्ट फिट!'

झालं. घरी गेलो. सांगितलं. श्यामला पोळ्या लाटत होती. म्हणाली, 'म्हणजे तुम्ही मरणार?' मी म्हटलं, 'अगं, पडायचं फक्त. तीनदा वीज पडते, तिसऱ्यांदा पडायचं.' तिने पोळी तव्यावर टाकली, उलटली, फुगू दिली, आणि मग म्हणाली, 'पडा. पण आखाजीला मला तिकडे नेऊ नका मग. मी बसने जाईन.'

बस्स, एवढंच. ओरडली नाही, रडली नाही. 'आहे'चं 'शे' केलं नाही! इतक्या वर्षांत मला तिने एवढं शुद्ध मराठीत कधी घाबरवलं नव्हतं. अहो, जगात माझ्या हातून एक काम धड झालंय, ते डबे उचलायचं! तेवढंच जायला निघालं!

मी विश्वेशरावांकडे गेलो, म्हटलं शेवट बदला. म्हणाले, 'नाना, ट्रॅक रेकॉर्ड झालाय.' आता जिवंत देखाव्याची रीत तुम्हाला माहीत असेल, आवाज सगळा आधीच भरलेला असतो, निवेदन, गडगडाट, हसणं, किंचाळणं, सगळं. आपण नुसतं उभं राहून हात हलवायचे, तोंड उघडायचं. बोलायचं नाही. माझा डोहासुर हसायचा तेसुद्धा कुणा भाड्याच्या माणसाच्या आवाजात! गाव माझं, खवले माझे, पोट माझं, आणि हसतोय तिसराच!

काल संध्याकाळी आरती झाली. पार्किंग गच्च भरलेलं, विभागातल्या मंडळांच्या स्पर्धेचे परीक्षक येऊन बसलेले, पुढच्या रांगेत खुर्च्यांवर म्हाताऱ्या बायका, त्यात आमची श्यामला बरोबर मध्ये, शेजारी कुसाबाई. पुठ्ठ्याचं धरण, त्यामागून मी वर आलो, हिरवा! लोक ओरडले, शिट्ट्या. मग वीजवीर आला, चकचकीत झगा, हातात लायटिंगची वीज. आता ही वीज कशी? विश्वेशरावांना लखलखाट हवा होता मोठा, मांडववाला म्हणाला, साहेब, ही लाइन एवढे दिवे ओढणार नाही. तर ह्यांनी काय करावं? सरळ पंपाच्या खोलीतून जोडणी घेतली! मोटारीच्या बोर्डावरून! लिफ्टही त्याच बोर्डावर. मांडववाला नको नको म्हणत होता, 'अरे, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे' म्हणाले. बरं.

ट्रॅक सुरू. पहिली वीज. लखलख! दुसरी. लखलख! तिसरी. आणि तो निवेदक, खर्जातला आवाज लावून, 'आणि... डोहासुर... कोसळला!'

मी उभा.

'आसमंतात शांतता पसरली!' मी उभाच. नाकाला रंगाने खाज सुटली होती, ती खाजवली. लोक हसायला लागले. विश्वेशराव तोंडातल्या तोंडात, 'नाना, पडा!' मी म्हटलं, 'नाही.' 'नाना, परीक्षक बसलेत! पडा ना!' 'नाही पडत!' ते आवाजवाल्याला हाताने खुणा करतात, मागे घे, मागे घे! त्याने ट्रॅक मागे घेतला. पुन्हा तीन विजा. लखलख, लखलख, लखलख! 'आणि... डोहासुर... कोसळला!' मी कमरेवर हात ठेवले. मी श्यामलाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती हो, मांडीवरच्या हाताकडे बघत होती. म्हटलं, आता तर मुळीच नाही! पुन्हा ट्रॅक मागे! पुन्हा विजा! 'आणि... डोहासुर...' आणि पंपाच्या खोलीत धाडकन आवाज! धूर! सगळे दिवे गेले, ट्रॅक गेला, अंधार. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं, काय इफेक्ट आहे!

फक्त गणपतीपुढची समई. तिच्या उजेडात मी हिरवा आणि वीजवीर घामाघूम. आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतून आवाज आला. खराखुरा. रेकॉर्ड न केलेला.

'विशू, ठेव ती खाली.'

कुसाबाई! उभ्या राहिलेल्या. विश्वेशराव म्हणतात, 'आई, बस तू, देखावा चालू आहे.' 'किती मारशील त्याला? लय झालं. माझं बी गाव तिथंच हाय.' 'कुठे?' 'पान्यात.' विश्वेशरावांना काही कळेना. 'आई, तुझं माहेर नांदगाव ना?' 'नांदगाव मागून रं. पान्यानं गाव गेलं, मंग मामा तुझा नांदगावला आला. नांदगाव म्हनलं की कुनी पुढचं इचारत नाय, म्हनून म्हनते.' 'मग मला कधी बोलली नाहीस?' तर ती माउली काय म्हणावी? 'तू कधी इचारलं?'

तुम्हाला सांगतो, मी ड्रेपरीवाला, इतके राक्षस पडलेले बघितले, इतके राजे पडलेले बघितले, पण हिरोला असा उभ्याउभ्या पडलेला पहिल्यांदा बघितला. त्याने ती वीज हळूच खाली ठेवली. पायाशी.

आणि आमची श्यामला वळली कुसाबाईंकडे. 'कोणतं गाव तुमचं?' 'पळसदरं.' 'पळसदरं? नदीच्या पल्याडचं? आमच्या शाळेच्या पायरीवरून तुमच्याकडचा दिवा दिसायचा हो! मी उंबरओहळनी शे!' आणि मग काय विचारता! दोघी बसल्या हात धरून, हे ह्याचं शेत, ती त्याची विहीर, अमकीची आत्या, तमकीचा सासरा, गणपती विसरल्या, परीक्षक विसरल्या... वर्षभर एकत्र मेथी निवडली ह्यांनी, आणि एकमेकींना सांगितलं काय? तर मेथीचा भाव! मी तिथे वर हिरवा उभा. मला कुणी म्हणेना, नाना, उतरा आता. मी आपला उतरलो हळूच, पुठ्ठ्याचं धरण सांभाळत.

बक्षीस? उत्तेजनार्थ! परीक्षक म्हणाले, आईचं काम फार नैसर्गिक झालं!

आता पुढे ऐका. मोटार जळली, पाणी बंद, लिफ्ट बंद. सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा. मोटार कुणी जाळली? पंपाच्या बोर्डावरून वीज कुणी घेतली? विश्वेशरावांनी. मग ठरलं काय? तर 'नाना पहिल्याच वेळी पडले असते तर ट्रॅक पुन्हा लावावा लागला नसता, आणि मोटार वाचली असती'! वर कुणीतरी तो कॉमिकमधला डोहासुर टाकला, खाली लिहिलं, 'अखेर त्याने पाणी तोडलेच.' एकेकाने हसण्याची तोंडं टाकली. आणि तुम्हाला सांगतो, मी क्षणभर विचारात पडलो हो, की च्यायला, हे बरोबरच आहे की काय? तिथे एक पाटी मागितली, इथे फक्त पडलो नाही, आणि दोन्हीकडे शहर कोरडं! पण नाही! वीज मी सोडली नाही! राक्षस होणं मला मान्य आहे, माप माझंच आहे, पण दुसऱ्याची वीज मी माझ्या नावावर घेणार नाही!

खाली दर्शन घेताना ते पुठ्ठ्याचं धरण बघून जा हं. यशश्रीने रात्री त्यावर मार्करने लिहिलंय, 'उंबरओहळ', खाली 'पळसदरं'. सकाळी टँकरसाठी गेलो तर त्याखाली आणखी एक नाव. वेगळंच अक्षर. आमच्याच इमारतीतलं कुणीतरी असणार. कोण, ते नाही कळलं. मी विचारतही नाही. सांगेल ज्याचं त्याला सांगायचं तेव्हा.

आखाजीचं ठरलंय. कुसाबाई आणि श्यामला, दोघी. सकाळपासून वर बेत चाललाय, पुरणपोळ्या कुणी करायच्या, आमरस कुणी. डबे कुणी उचलायचे ते मात्र कुणी विचारलंसुद्धा नाही, ते माझंच आहे. बसने नाही जाणार ती! एवढ्यासाठी हिरवा राहिलो तरी चालेल.

चला, उचलतो बादल्या. काय म्हणालात? ह्या माझ्याकडे? छे हो, आमच्याकडे अजून थेंब नाही, माझं तोंड बघताय ना! ह्या दुसऱ्या मजल्यावर. विश्वेशरावांना. सकाळी अंगाला साबण लावला आणि टाकीतलं उरलंसुरलं पाणी संपलं, तेव्हापासून बसलेत बाथरूममध्ये, आणि कुसाबाई जिन्यात येऊन मला म्हणाल्या, 'नाना, पोराच्या डोळ्यात जातोय हो साबन.' मग काय करता?

ऐकलंत? हाक मारतोय बघा वरून. 'नाना, आलं का पाणी?'

आलो हो, वीजवीर... डोळे मिटून ठेवा, राक्षस येतोय!